जुना फोन वापरणाऱ्यांच्या बाजूने

२०२२ च्या सप्टेंबरात ॲपलने आयफोन १४ बाजारात आणला, तेव्हा त्यातली मुख्य चिप आदल्या वर्षीचीच होती. आयफोन १३ प्रो मध्ये बसवलेली ए१५ चिप नव्या फोनमध्ये घातली होती. कॅमेरा थोडा सुधारला, गाडीला अपघात झाला तर फोनने आपणहून मदत मागण्याची सोय आली. पण तेरा आणि चौदा शेजारी ठेवले तर कुठला कोणता हे सांगायला दुकानदारालाही क्षणभर थांबावे लागे. सॅमसंगची गोष्ट फार वेगळी नाही. २०२२ चा गॅलेक्सी एस२२ आणि २०२५ चा एस२५ यांच्या साध्या आवृत्त्या घ्या. मागचे तीन कॅमेरे दोन्हीकडे कागदावर ५०, १२ आणि १० मेगापिक्सेलचेच आहेत. बॅटरी चार मॉडेलांत ३७०० वरून ४००० वर गेली. चिप आणि सॉफ्टवेअर बदलले, नाही असे नाही. पण त्यासाठी दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत जगभरच्या पत्रकारांना बोलावून मंच सजवावा इतके काही घडलेले नव्हते.

या दोन कंपन्यांकडे पैसा आणि अभियंते यांची वाण नाही. त्यांनाच बारा महिन्यांत सांगण्यासारखे नवे काही सापडत नसेल, तर बारा महिन्यांचा हा हिशेब कोणासाठी चालला आहे, हे विचारायला हवे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. महागड्या फोनचे नवे मॉडेल दोन वर्षांतून एकदा आले तरी पुष्कळ झाले. दहा-वीस हजारांच्या पट्ट्यात एका कंपनीने वर्षाला दोन-तीन मॉडेल काढावीत, त्याहून जास्त नकोत. मात्र या मताला मी जे कारण देणार आहे ते नेहमीचे नाही.

नेहमीचे कारण म्हणजे लोकांचा हव्यास. नवा फोन आला की माणसे वेडी होतात, चालता फोन टाकून देतात, हप्ते डोक्यावर घेतात, असे प्रवचन आपण पुष्कळ ऐकतो. आकडे मात्र वेगळे बोलतात. जगात स्मार्टफोनची वार्षिक विक्री २०१६ च्या सुमारास जवळपास १४७ कोटींवर गेली आणि तिथून उतरली. २०२४ मध्ये ती सव्वाशे कोटींच्या आसपास होती. कंपन्यांनी या काळात मॉडेलांचा पाऊस पाडला, तरी गिऱ्हाईक फोन अधिक काळ वापरू लागले. भारतातही वर्षाला साधारण १५ कोटी स्मार्टफोन विकले जातात आणि हा आकडा बरीच वर्षे तिथेच घुटमळतो आहे. नव्या मॉडेलाच्या मोहात सगळा समाज वाहून गेला असता, तर असे झाले नसते. आपला खिसा आणि आपली गरज लोकांना नीट कळते.

दर वर्षी नवे मॉडेल आणण्याच्या बाजूनेही एक चांगला मुद्दा आहे. सगळ्यांचे फोन एकाच वेळी बिघडत नाहीत. माझा फोन यंदाच्या पावसात जाईल, तुमचा पुढच्या दिवाळीला. ज्याला ज्या वेळी घ्यायचा आहे त्याला त्या वेळचा ताजा फोन मिळावा, यात गैर काय? दर वर्षी काढलेला फोन दर वर्षी विकत घ्या, असे कोणी म्हटलेले नाही. हा युक्तिवाद मला पटतो. प्रश्न फक्त विकत घेणाऱ्यांपुरता असता, तर मी हा लेख लिहिलाच नसता.

खरी किंमत मोजतो तो नवा फोन न घेणारा.

हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये एक मोठी त्रुटी उघडकीस आली. नुसता एक मल्टिमीडिया संदेश पाठवून फोनचा ताबा घेता येईल इतकी गंभीर. तेव्हापासून गूगल दर महिन्याला सुरक्षेच्या त्रुटींची यादी आणि त्यांच्या दुरुस्त्या जाहीर करते. पण ही दुरुस्ती सरसकट सगळ्यांच्या फोनवर आपोआप उतरत नाही. क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारख्या चिप कंपनीला आपल्या भागाचे सॉफ्टवेअर सुधारून द्यावे लागते. मग फोन कंपनीचे अभियंते ते स्वतःच्या प्रणालीत बसवतात आणि प्रत्येक मॉडेलावर वेगळी चाचणी घेतात, कारण कॅमेरा, स्क्रीन, अँटेना, बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर हे प्रत्येकात वेगळे. एका मॉडेलावर सुरळीत चाललेला अपडेट दुसऱ्याचे ब्लूटूथ बंद पाडू शकतो. सॅमसंग तर आपल्या फोनांची उतरंडच जाहीर करते: काहींना दरमहा सुरक्षा अपडेट, काहींना तिमाही, काहींना सहामाही. फोन जुना होत गेला की तो एकेक पायरी खाली उतरतो आणि एक दिवस यादीतून नाहीसा होतो. दुकानातून नाहीसा होऊन तेव्हा बराच काळ लोटलेला असतो; कोणाच्या तरी खिशात मात्र तो असतोच.

आता साधा गुणाकार करा. एखादी कंपनी वर्षाला दहा मॉडेल काढते आणि प्रत्येकाला चार वर्षे सांभाळायचे म्हणते. म्हणजे कोणत्याही महिन्यात तिच्या अंगावर चाळीस मॉडेलांची जबाबदारी असते. तिनेच वर्षाला दोन मॉडेल काढली आणि प्रत्येकाला सात वर्षे सांभाळले, तर मॉडेल होतात चौदा. चाळीस फोन चार वर्षे सांभाळण्यापेक्षा चौदा फोन सात वर्षे सांभाळणे सोपे आहे. मॉडेल किती वेळा काढावे याचे उत्तर माझ्या मते या गुणाकारात आहे. मॉडेल आवरली की फोनांचे आयुष्य वाढवायला लागणारी माणसे आणि वेळ आपोआप मोकळा होतो.

हा रोग महागड्या फोनांपेक्षा स्वस्त फोनांत जास्त भिनला आहे. ॲपलवर टीका करणे सोपे असते, म्हणून सगळे तिच्यावर करतात. पण २०१८-१९ चा भारतीय बाजार आठवून पाहा. रिअलमीचा पहिला फोन मे २०१८ मध्ये आला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनी पाचव्या क्रमांकाच्या फोनवर पोहोचलीसुद्धा. मधला चार हा आकडा गाळला, कारण चीनमध्ये तो अशुभ मानतात. एवढ्या काळात ‘प्रो’ आणि इतर उपनावांची मॉडेल आली ती वेगळीच. त्याच २०१९ मध्ये शाओमीने रेडमी नोट ७ फेब्रुवारीत आणला आणि नोट ८ ऑक्टोबरात. फेब्रुवारीत फोन घेतलेल्याचा बारा महिन्यांचा हप्ता चालू असतानाच त्याच्या फोनला ‘जुना’ हे विशेषण लागले. वनप्लसने तर २०१६ पासून काही वर्षे उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्याचाच ‘टी’ असा सहामाहीचा नेमच पाळला. त्याच्या आधी सोनीने एक्स्पीरियाच्या झेड मालिकेत दर सहा महिन्यांनी नवा अव्वल फोन काढून पाहिला होता. सोनीचा फोनव्यवसाय पुढे कुठे गेला ते आपण पाहिलेच आहे.

इतकी मॉडेल कशासाठी? तंत्रज्ञान इतक्या वेगाने धावते म्हणून, असे उत्तर मिळते. ते खरे नाही. दुकानाच्या फळीवर दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत दर हजार-दीड हजार रुपयांवर आपला एक फोन उभा असावा, नाही तर ती जागा प्रतिस्पर्धी घेईल, ही भीती त्यामागे असते. शिवाय ऑनलाइन आणि दुकान यांचे भांडण आहे. तोच फोन ॲमेझॉनवर स्वस्त दिसला की दुकानदार चिडतो, म्हणून दोघांसाठी वेगळी मॉडेल काढायची. विवोची वाय मालिका मुख्यतः दुकानांत, टी मालिका मुख्यतः फ्लिपकार्टवर. रिअलमीची नार्झो मालिकाही अशीच ऑनलाइन विक्रीकडे झुकलेली. ग्राहकाला किमतींची तुलनाच करता येऊ नये अशी ही व्यवस्था आहे. कधी कधी तर फोन तोच असतो, नाव तेवढे बदलते. चीनमधला रेडमी के३० भारतात पोको एक्स२ म्हणून आला. रेडमी नोट १०एस चे पुढे पोको एम५एस असे बारसे झाले. ही मॉडेल प्रयोगशाळेत जन्मत नाहीत, विक्री विभागाच्या तक्त्यात जन्मतात. त्यांची संख्या निम्मी केली तर विज्ञानाचे काहीही अडत नाही.

सॉफ्टवेअरनंतर प्रश्न येतो सुट्या भागांचा. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, नाही तर तुमच्या तालुक्याच्या बसस्थानकासमोरच्या मोबाइल रिपेअरिंगच्या टपरीवर जाऊन उभे राहा. स्क्रीन फुटली की कारागीर आधी मॉडेल विचारतो. काच, टच आणि डिस्प्ले मिळून एक जोड येतो, त्याला हे लोक ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात. एका कंपनीच्या वर्षभराच्या दहा मॉडेलांचे दहा फोल्डर, आणि त्यातले फार थोडे एकमेकांना चालतात. चार-पाच कंपन्यांचे तीन वर्षांतले फोल्डर भरून ठेवायचे तर कारागिराला गोदाम लागेल. म्हणून तो चालू मॉडेलांचे ठेवतो, जुन्यांचे मागवून देतो, आणि त्याहून जुने असेल तर ‘त्याचं ओरिजिनल येत नाही आता, कॉपी टाकू का?’ असे विचारतो. कॉपी म्हणजे रंग फिका, टच अर्धवट, वर्षभरात पुन्हा तीच वारी. कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासचीही तीच तऱ्हा. बॅटरी फुगलेला, पण बाकी ठणठणीत असा फोन केवळ बॅटरी मिळत नाही म्हणून कपाटात पडतो. कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. दीडशे मॉडेलांच्या मागे धावणे हे त्याचे काम नव्हे.

फोन जुना झाला की तो कपाटात जातोच असेही नाही. आपल्या घरांत त्याचा प्रवास ठरलेला असतो. मुलगा नवा घेतो, त्याचा आधीचा वडिलांकडे जातो, वडिलांचा आईकडे किंवा गावाकडे. घरातला सगळ्यांत जुना, अपडेट बंद झालेला फोन बहुधा अशा माणसाच्या हाती असतो ज्याला फसवणुकीचे फोन आणि खोटे ॲप ओळखणे सगळ्यांत अवघड जाते. त्याच फोनवर पेन्शनचा ओटीपी येतो, त्याच फोनवर यूपीआय असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची नोंद करायला शेतकऱ्याने बांधावर उभे राहून ॲपमधून फोटो काढायचा. सरकार, बँक आणि बाजार या तिघांनीही फोन असणे गृहीत धरले आहे. तेव्हा तो चैनीची वस्तू आहे, ज्याला परवडेल त्याने नवा घ्यावा, असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही.

याचा आपल्याकडचा सगळ्यांत बोलका दाखला अंगणवाडीतला आहे. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना २०१९ च्या सुमारास सरकारने कामासाठी स्मार्टफोन दिले. संख्या लाखाच्या आसपास. फोनची रॅम दोन जीबी. गावातल्या मुलांची वजने, उंची, आहाराचे वाटप, गरोदर बायकांच्या नोंदी, सगळे त्यात भरायचे. पुढे केंद्राचे नवे पोषण ट्रॅकर ॲप आले आणि फोनांनी मान टाकली. तापणे, मध्येच हँग होणे, मेमरी भरणे हे रोजचे झाले. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी, आणि तिचे मानधन किती असते हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०२१ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत सेविकांनी हे फोन पिशव्यांत भरून प्रकल्प कार्यालयांत परत केले. २०२३ च्या संपातही नवे मोबाइल ही एक मागणी होती.

दोन-अडीच वर्षांत लाखभर फोन निकामी ठरले. यात बाजारात नवे मॉडेल आले म्हणून कोणी जुना टाकला, असे एकीनेही केले नव्हते. सरकारी खरेदीचा घोळ त्यात होताच. पण तो फोन बनवणाऱ्यांनी तो दोन वर्षांचा पाहुणा म्हणूनच बनवला होता, हेही तितकेच खरे. स्वस्त फोन वर्षभरात नव्या मॉडेलाने मागे ढकलला जाणार हे आधीच ठरलेले असेल, तर त्यात जास्तीची रॅम घालायची आणि पाच वर्षांचे सॉफ्टवेअर द्यायचे कष्ट कोण घेईल?

वार्षिक मॉडेलाची ही कल्पना संगणकवाल्यांनी शोधलेली नाही. ती मोटारवाल्यांची आहे. हेन्री फोर्डने १९०८ मध्ये मॉडेल टी आणली आणि जवळपास तीच गाडी १९२७ पर्यंत बनवली, दीड कोटींवर. किंमत उतरवत नेली, रूप बदलले नाही. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी दुसरी वाट काढली: दर वर्षी गाडीचे रूप बदलायचे, म्हणजे शेजाऱ्याची गाडी गेल्या सालची आहे हे रस्त्यावरून दिसले पाहिजे. स्लोन जिंकले. १९२७ मध्ये फोर्डला मॉडेल टी थांबवून, नवी गाडी तयार होईपर्यंत कारखाने काही महिने बंद ठेवावे लागले. म्हणजे कधीच न बदलणे हाही धंद्याचा मार्ग नाही.

पण स्लोन यांच्या पद्धतीतला एक तपशील फोनवाल्यांनी उचलला नाही. गाडीचा मोठा बदल काही वर्षांतून एकदा व्हायचा. मधल्या सालांत पुढची जाळी, दिवे, रंग असे वरवरचे बदल. खालचे इंजिन आणि सांगाडा वर्षानुवर्षे चालत असे, आणि म्हणून गॅरेजवाल्याकडे भाग मिळत असे. फोनमध्ये उलटे चालते. आतली ताकद जेमतेम वाढते, बाहेरचे रूप तेच दिसते, आणि बॅटरीची पट्टी, कनेक्टर, फोल्डर, मागचे झाकण यांचे आकार मात्र दर वर्षी दोन मिलिमीटर इकडे-तिकडे सरकतात. गिऱ्हाइकाला दिसेल असा बदल नाही आणि कारागिराला सोसेल अशी एकरूपताही नाही.

इथे कोणी मला आपलीच ॲम्बॅसेडर दाखवेल, आणि ते योग्यच होईल. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ती बनत राहिली. आकुर्डीच्या चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट बघत. मॉडेल न बदलण्याचा एवढा अनुभव जगात थोड्याच देशांना असेल, आणि तो काही सुखाचा नव्हता. परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाइकाला दुसरा पर्यायच नव्हता, म्हणून कंपनीला सुधारणेची गरज वाटली नाही. मी त्या दिवसांची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांतला नाही. तरीही त्या काळाने एक गोष्ट दिली होती. कन्नडच्या घाटात ॲम्बॅसेडर बंद पडली तरी पुढच्या गावात तिला उघडता येणारा माणूस भेटे, आणि चेतकची क्लच केबल तर किराणा दुकानाच्या शेजारीही मिळे. स्पर्धा हवी आणि टिकाऊपणाही हवा, तर या दोन्ही टोकांच्या मध्ये कुठे तरी थांबायला हवे. दोन वर्षांचा नेम मला तिथे सापडतो. चिप बनवण्याच्या प्रक्रियेतली मोठी उडीही साधारण दोन-तीन वर्षांनीच येते. ॲपलचे आयफोन २०२० मध्ये पाच नॅनोमीटरवर गेले आणि २०२३ च्या प्रो मॉडेलांत तीनवर. मधली दोन वर्षे त्याच पिठाच्या भाकऱ्या थापल्या.

घाईचे धोकेही असतात. २०१६ च्या ऑगस्टात विक्रीला आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. कंपनीने सप्टेंबरात फोन परत मागवले, दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीचे बदली फोन दिले, तेही पेटले आणि ऑक्टोबरात ते मॉडेलच बंद करावे लागले. पुढच्या जानेवारीत कंपनीनेच सांगितले की दोन्ही पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत वेगवेगळे दोष होते. भारतात तो फोन विक्रीलाही आला नव्हता, तरी विमानात बसल्यावर नोट ७ बंद ठेवण्याची सूचना आपण कित्येक महिने ऐकत होतो. एका उदाहरणावरून सगळ्या वार्षिक नेमाला फाशी देता येत नाही, पण ठरलेली तारीख गाठायची असली की चाचणीचे दिवस कमी पडतात, हे कोणत्याही कारखान्यातला पर्यवेक्षक सांगेल.

याहून महत्त्वाचा पुरावा ॲपलनेच दिला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने मान्य केले की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग ती सॉफ्टवेअरमधून कमी करत होती, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते. फक्त गिऱ्हाइकाला सांगितले नव्हते. फोन मंदावला की लोकांना वाटे, आता नवा घ्यायला हवा. गदारोळ झाला, माफी मागावी लागली, आणि २०१८ चे पूर्ण वर्ष बॅटरी बदलायचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणला. पुढे फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंडही झाला. पण मला रस आहे तो २ जानेवारी २०१९ च्या पत्रात. टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना कळवले की तिमाहीचा महसूल अंदाजापेक्षा बराच कमी, ८४ अब्ज डॉलर येईल. मुख्य कारण चीनमधली मंदी. पण इतर कारणांत हेही होते की स्वस्तात बॅटरी बदलून मिळाल्यामुळे काही लोकांनी नवा फोन घेणे टाळले.

जगातल्या सर्वांत यशस्वी फोन कंपनीच्या प्रमुखाने लेखी दिलेला हा कबुलीजबाब आहे. २९ डॉलरची बॅटरी आणि हजार डॉलरचा फोन यांत निवड करायची वेळ आली, तर पुष्कळ लोक बॅटरी निवडतात. ज्या फोनांच्या जागी दर वर्षी नवा फोन उभा केला जातो, ते चालत असतात. त्यांना फक्त एक सुटा भाग हवा असतो.

पर्यावरणाबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या २२ टक्क्यांच्या थोड्याच वर कचऱ्याचे रीतसर संकलन आणि पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. त्यात फोनचे वजन थोडेच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश वाटा, कंपन्यांच्याच अहवालांनुसार, तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. आपण चार्जिंगला लावतो तो भाग किरकोळ. म्हणून चार्जर खोक्यातून काढून टाकण्यापेक्षा फोन दोन वर्षे जास्त चालवण्याने खूप जास्त साधते.

फोन जास्त वर्षे सांभाळणे जमतच नाही, असे कंपन्या म्हणू शकत नाहीत. ॲम्स्टरडॅमच्या फेअरफोन या छोट्या कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये आपला दुसरा फोन आणला आणि मार्च २०२३ पर्यंत त्याला अपडेट दिले. चिप कंपनीने मध्येच हात वर केले, तरी त्यांनी नेटाने काम ओढत नेले. हे जमले कारण तिसरा फोन काढायची त्यांनी घाई केली नाही. तो २०१९ मध्ये आला. फेअरफोन महाग आहे, आपल्याकडे मिळत नाही, त्याचा कॅमेरा कोणाला हेवा वाटावा असा नाही. पण मूठभर अभियंते एक मॉडेल सात वर्षे सांभाळू शकतात, तर हजारो अभियंत्यांच्या कंपनीने ‘परवडत नाही’ म्हणू नये. मोठ्यांनाही हे कळले आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. मात्र ते दिले महागड्या फोनांना. स्वस्त फोनवाला पुन्हा मागच्या बाकावर.

त्या वचनात आणखी एक मेख आहे. सात वर्षे मोजायची ती फोन जगात पहिल्यांदा बाजारात आल्यापासून. आपल्याकडे पुष्कळ लोक मॉडेल वर्ष-दोन वर्षांचे झाल्यावर, दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये उतरलेल्या किमतीला घेतात. त्यांच्यासाठी सातची पाच होतात. चार वर्षांचे वचन असेल तर दोनच उरतात, आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. युरोपीय संघाने इथे शहाणपण दाखवले. २० जून २०२५ पासून तिथे लागू झालेल्या नियमांत पाच वर्षांच्या अपडेटची मुदत मॉडेलाचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून मोजायची आहे. सुटे भाग त्यानंतर सात वर्षे मिळाले पाहिजेत, आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. मॉडेल किती काढावीत हे या नियमांनी सांगितलेले नाही. पण काढलेले प्रत्येक मॉडेल एवढ्या वर्षांचे ओझे घेऊन येणार असेल, तर अकरावे मॉडेल काढण्याआधी कंपनी स्वतःच थांबून विचार करील.

म्हणूनच सरकारने मॉडेलांवर संख्येची मर्यादा घालावी असे मी म्हणत नाही. तसे केले की दिल्लीत पुन्हा एक खिडकी उघडेल आणि तिथे मॉडेलांना परवाने मिळू लागतील. दोन वर्षांचा नेम हे माझे मत आहे. कंपन्यांना ते मानायला लावायचे असेल तर जुन्या फोनची जबाबदारी टाळणे महाग झाले पाहिजे. यामुळे स्वस्त फोन हजार-पाचशे रुपयांनी महागेल, असा आक्षेप येईल. महागेल कदाचित. पण दहा हजारांचा फोन अडीच वर्षे चालला तर वर्षाला चार हजार पडतात, आणि अकरा हजारांचा पाच वर्षे चालला तर दोन हजार दोनशे. गरिबाच्या नावाने केलेली स्वस्ताई बहुतेक वेळा गरिबालाच महाग पडते.

आपल्याकडे या दिशेने पावले पडली आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. फोन किती दुरुस्त करता येण्याजोगा आहे याची श्रेणी ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीनेही २०२५ मध्ये अहवाल दिला. श्रेणी चांगलीच आहे, पण पाचपैकी साडेतीन गुण म्हणजे काय हे दुकानात उभ्या असलेल्या माणसाला उमगायला वेळ लागेल. तारीख मात्र सगळ्यांना कळते. बिस्किटाच्या पुड्यावर ती छापता येते, तर पंधरा हजारांच्या फोनच्या खोक्यावर का नाही? ‘सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत, सुटे भाग अमुक सालापर्यंत’, एवढ्या दोन ओळी मराठी-हिंदीत, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत हव्यात. वर्षाला दहा मॉडेल काढणाऱ्या कंपनीला अशा दहा तारखा लिहून द्याव्या लागतील आणि पाळाव्याही लागतील.

यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागत नाही. खोक्यावर कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना छापण्याची सक्ती वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांनी आधीच केलेली आहे आणि ते नियम अधिसूचना काढून बदलता येतात. दुरुस्तीच्या श्रेणीची समिती ज्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमली, हे नियमही त्याच विभागाच्या अखत्यारीत येतात.